वेसाव्याचे दप्तर: वहीतून संगणकात

वेसाव्याच्या जमिनीचे दप्तर इंग्रजी अमलापासून आजवर निदान चार वेळा नव्याने लिहिले गेले: मोजणी झाली तेव्हा, हक्कनोंदणी आली तेव्हा, सिटी सर्व्हे झाला तेव्हा आणि संगणक आला तेव्हा. प्रत्येक वेळी जुन्या कागदावरचा मजकूर नव्या नमुन्याच्या रकान्यांत बसवावा लागला. जे बसले ते पुढे गेले आणि ज्याला रकाना नव्हता ते मागे राहिले. होड्यांच्या आणि बँकखात्यांच्या नोंदींचे स्थलांतर बरेच उशिरा झाले, पण त्यातल्या अडचणी त्याच जातीच्या होत्या. गावाच्या व्यवहाराचा इतिहास लढायांपेक्षा या दप्तरातून अधिक नीट कळतो.

मुंबईकर ज्याला वर्सोवा म्हणतात ते वेसावे साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, मालाडच्या खाडीच्या मुखाशी आहे. खाडीपलीकडे मढला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला १७३९ साली मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. कोकणपट्टीत तोवर धारा, म्हणजे जमिनीचा सारा, पुष्कळ ठिकाणी भाताच्या मापात ठरे, आणि जमिनीची ओळख तिच्या नावाने, बांधाने किंवा कसणाऱ्याच्या घराण्याने होई. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ मध्ये इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली. ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर साष्टीतही आली. तिने जमिनीला सर्व्हे नंबर दिला. शेताची ओळख माणसापासून सुटून आकड्याला चिकटली, आणि पुढची सगळी स्थलांतरे या आकड्याच्या आधाराने झाली. आजचा संगणक ज्या खुणेने वेसाव्यातली जमीन शोधतो तिचे मूळ साखळीने केलेल्या त्या मोजणीत आहे.

मोजणीने धारा कोणी भरायचा ते सांगितले, हक्क कोणाचा ते सांगितले नाही. ती उणीव भरण्यासाठी १९०३ साली मुंबई सरकारने हक्कनोंदणीचा कायदा केला आणि १९१३ मध्ये त्याची कलमे जमीन महसूल संहितेत घेतली. गावचे हिशेब ठेवण्याचे नमुने महसुली अधिकारी अँडरसन यांच्या मॅन्युअलने पक्के केले. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, १२ म्हणजे पिकांची नोंदवही, ६ म्हणजे फेरफार. सात आणि बारा एका कागदावर आले आणि सातबारा हा शब्द घरोघरी गेला. या रचनेत एक शहाणपण होते. जुने नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. नवे नाव खाली लिहायचे आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक टाकायचा. त्यामुळे एका कागदावर तीन पिढ्यांचा हिशेब वाचता येई. हाच कंस पुढे संगणकाला फार जड गेला.

नमुने स्थिर झाले तरी दप्तर स्वतः फिरत राहिले. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला आणि त्याचे मुख्यालय वांद्र्याला झाले. १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंतचा पट्टा बृहन्मुंबईत आला, १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १९९० साली उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला आणि वेसावे त्याच्या अंधेरी तालुक्यात आले. कचेरी बदलली की रुमालात बांधलेले कागद हलतात, आणि कागद हलले की काही गहाळ होतात, काही चुकीच्या गठ्ठ्यात जातात. महसूल खात्यात जुना उतारा शोधताना आधी तो गाव त्या साली कोणत्या जिल्ह्यात होता ते विचारतात, ते याचमुळे.

मापांच्या बदलाने कागद न हलवताही नोंद बदलली. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की लोक आजही एकमेकांच्या जागी वापरतात. १ एकर १७ गुंठे ८ आणे अशी जमीन घेतली तर ती ५७.५ गुंठे, म्हणजे ५८.१७ आर होते. नव्या उताऱ्यावर कारकुनाने ती एका दशांश स्थळापर्यंत आणून ५८.२० आर लिहिली. पुढे तीन भावांत वाटणी झाली आणि मूळ मापावरून हिशेब करून प्रत्येकाच्या नावे १९.३९ आर लागले. तिघांची बेरीज ५८.१७, उताऱ्याचे एकूण क्षेत्र ५८.२०. फरक तीन चौरस मीटरांचा. विदर्भातल्या शेतावर त्याने कोणाचे काही अडत नाही, पण वेसाव्यात तेवढ्या जागेत माणसे दुकान थाटतात. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यात हा फरक पन्नास वर्षे निवांत राहू शकला, कारण कागद स्वतः बेरीज तपासत नाही.

शहर वाढले तेव्हा उपनगरांत साठच्या दशकात सिटी सर्व्हे झाला. शेतीच्या सर्व्हे नंबराच्या जागी नगर भूमापन क्रमांक आला आणि सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नवे आल्यावर जुने बंद होणे अपेक्षित असते, पण महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत सातबारा आणि मिळकत पत्रिका एकाच जमिनीवर वर्षानुवर्षे जोडीने चालू राहिल्या. विक्रीचा फेरफार एकावर झाला, बोजा दुसऱ्यावर राहिला. एकच माहिती दोन ठिकाणी जिवंत ठेवणे हा स्थलांतरातला सर्वांत महागडा आळस आहे, आणि त्याचा भार खरेदीदाराने उचलला. सिटी सर्व्हे झालेल्या भागातले सातबारे बंद करण्याचे काम शासनाने अगदी अलीकडे, गेल्या काही वर्षांत नेटाने हाती घेतले.

संगणकाचा टप्पा १९८८-८९ मध्ये सुरू झाला. केंद्राने भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून घेतली आणि त्यांत महाराष्ट्रातून वर्धा निवडला. पुढच्या दशकात ती राज्यभर पसरली. तालुक्याच्या कचेरीत संगणक आला, तलाठ्याने वह्या आणून दिल्या आणि टंकलेखकांनी सातबारे भरले. हे काम जितके यांत्रिक वाटते तितके नव्हते. वहीतले अक्षर तलाठ्याचे, टंकणारा परगावचा. कंस केलेले नाव चालू खातेदार म्हणून चढे, इतर हक्कातले कूळ किंवा सोसायटीचा बोजा गळे, पोटहिस्सा मूळ नंबरात मिसळे.

अक्षरांचीही अडचण होती. मराठी संगणकावर आणण्याचे मोठे काम पुण्याच्या सी-डॅकने केले, आणि भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली मानक ठरली. व्यवहारात मात्र कचेऱ्यांपासून छापखान्यांपर्यंत पुष्कळसा मजकूर फाँटच्या संकेतांत साठला. अशा फाँटमध्ये संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा आकार साठवतो. ‘वर्सोवा’ हा शब्द घेतला तर डोळ्याला रफार ‘सो’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो ‘सो’च्या नंतर साठे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो: आधी र, मग हलन्त, मग सो. ‘शिव गल्ली’तली पहिली वेलांटी डोळ्याला श च्या आधी दिसते, म्हणून तीही आधी साठे, युनिकोडमध्ये ती श च्या मागून येते. म्हणून जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना नुसते आकडे बदलून भागत नाही, प्रत्येक शब्दात रफार आणि वेलांटी उचलून योग्य जागी ठेवावी लागते. हे रूपांतर करणाऱ्या परिवर्तक आज्ञावलीने ते बरेचसे जमवले. जिथे टंकणाऱ्याने मुळातच चुकीच्या क्रमाने कळा दाबल्या होत्या तिथे नाव बिघडले, आणि बिघडलेले नाव शोधात सापडत नाही. खातेदाराच्या दृष्टीने न सापडणारी नोंद आणि नसलेली नोंद यांत काही फरक उरत नाही.

२००८ मध्ये केंद्राने भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर केला. त्यातून महाराष्ट्रात ई-फेरफार उभा राहिला. तालुक्यातालुक्यांत विखुरलेली माहिती राज्याच्या केंद्रात आली आणि दस्त नोंदणीच्या आय-सरिता प्रणालीशी जोडली गेली, म्हणजे खरेदीखत नोंदले की फेरफाराची सूचना आपोआप तलाठ्याकडे जाऊ लागली. पण एकत्र आलेली माहिती तपासल्यावर तिच्यातल्या चुका एकदम उघड झाल्या. कागद जी बेरीज कधी करत नव्हता ती संगणकाने केली आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळेना. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. त्यांच्यासाठी आधी एडिट आणि मग री-एडिट अशी दुरुस्तीची सोय झाली. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतले कलम १५५ लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार देते. संगणकातली चूकही याच कलमाखाली तहसीलदाराच्या आदेशाने सुधारायची असे ठरले. ही पद्धत वेळखाऊ होती, पण तिचे मोल मोठे आहे. तंत्रज्ञाला परस्पर आकडा बदलता आला नाही. कोणी, कशाच्या आधारे बदलला याची नोंद राहिली.

२०१७ साली चावडी वाचन झाले. तलाठी हस्तलिखित सातबारा आणि संगणकाची प्रत घेऊन बसला, नावे मोठ्याने वाचली आणि खातेदारांनी आक्षेप घेतले. संपूर्ण संगणकीकरणात सर्वांत विश्वासार्ह तपासणी हीच ठरली असे म्हणायला हरकत नाही. मेलेला भाऊ चालू खातेदार म्हणून दिसतो हे यंत्राला कळत नाही, गावाला तत्काळ कळते. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. मिळकत पत्रिकांसाठी ई-पीसीआयएस ही वेगळी प्रणाली आली, आणि सिटी सर्व्हेखाली गेलेल्या वेसाव्याच्या मिळकतींना महत्त्व तिचेच.

होड्यांचे दप्तर जमिनीच्या मानाने तरुण. वेसावे हे मुंबईतल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. डोल जाळ्याने बोंबील, करंदी, जवळा पकडणे ही इथली जुनी विद्या, आणि यांत्रिक नौका आल्यावर ट्रॉलरही आले. १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याने परवाना आवश्यक झाला. नोंदणी आणि परवान्याच्या वह्या निरनिराळ्या कचेऱ्यांत राहिल्या, आणि डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या सभासदांच्या नौकांचे रजिस्टर स्वतंत्रपणे ठेवले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका बळकावून आले, आणि समुद्रातली नौका कोणाची हे तत्काळ सांगता येत नाही ही गोष्ट साऱ्या देशाला समजली. त्यानंतर किनारपट्टीच्या सर्व राज्यांसाठी नोंदणीची एकच ऑनलाइन प्रणाली आली. तिचे नाव रिअलक्राफ्ट. क्रमांकाचा साचा सगळीकडे एक झाला: देशासाठी आयएनडी, राज्यासाठी एमएच, जिल्ह्याचा अंक, यांत्रिक नौकेसाठी एमएम आणि शेवटी अनुक्रमांक. खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली.

इथे अडचण बेरजेची नव्हती, ओळखीची होती. जमीन जागची हलत नाही; होडी दुरुस्त होते, लांबीने वाढते, तिचे इंजिन बदलते, ती लाकडाची जाऊन फायबरची होते, आणि तरी नाखवा तिला तेच नाव ठेवतो. देवाच्या आणि देवीच्या नावाच्या होड्या प्रत्येक बंदरात अनेक असतात. मोडीत निघालेली होडी वहीत जिवंत राहते, कारण नाव कमी करायला कोणी जात नाही. म्हणून जुन्या वहीतून यादी उचलून भरणे धोक्याचे होते. बंदरावर उभे राहून होडी पाहावी लागते, लांबी-रुंदी मोजावी लागते, इंजिनाचा नंबर वाचावा लागतो. नव्या साच्यात मालकाला एक रकाना आहे. कोळ्यांच्या होडीत पैसा, जाळी आणि श्रम घराघरांतून येतात आणि म्हावऱ्याचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. ती रीत कोणत्याच सरकारी वहीत कधी लिहिली गेली नाही, त्यामुळे ती संगणकातही नाही.

पैशाच्या नोंदींचा मार्ग वेगळा. रोजकीर्द आणि खतावणी या जोडीवर बँका शतकभर चालल्या. १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांत लेजर पोस्टिंग मशीन दिसू लागले. नव्वदच्या दशकात अख्खी शाखा संगणकावर गेली, पण प्रत्येक शाखा स्वतंत्र बेटासारखी. त्यांना जोडणारी कोअर बँकिंग प्रणाली स्टेट बँकेने २००३ पासून शाखाशाखांत नेली आणि २००८ पर्यंत काम पुरे केले. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१३ ची मुदत दिली.

शाखेचे स्थलांतर बहुधा आठवड्याच्या अखेरीस होई. शनिवारचा व्यवहार संपला की शिल्लकपत्रक काढायचे, माहिती नव्या प्रणालीत चढवायची, तिथले शिल्लकपत्रक काढायचे आणि दोन्हींतला प्रत्येक आकडा ताडून सोमवारी दार उघडायचे. एका रुपयाचा फरक असला तरी तो कुठून आला ते कळेपर्यंत ताळा मिटत नसे. आकड्यांपेक्षा नावांनी जास्त छळले. नव्या प्रणालीत एका ग्राहकाची सर्व खाती एका क्रमांकाखाली आणायची असतात. कोळीवाड्यात आडनावे मोजकी आणि आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल; बाजार गल्लीतला कोण आणि मांडवी गल्लीतला कोण हे शाखेतल्या जुन्या शिपायाला ठाऊक असे. खात्यावर मात्र दोघांचे नाव एकच, किंवा एकाचेच नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी. दोन माणसे एक होऊ नयेत आणि एक माणूस दोन होऊ नये, यासाठी पत्ता, सही आणि फोटो पुन्हा गोळा करावे लागले.

जुन्या नोंदी नव्या यंत्रावर नेण्याचे हे काम व्यवसाय म्हणून करण्यातही मुंबईचा आणि उपनगरांचा वाटा मोठा आहे. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सीचे सुरुवातीचे एक काम सेंट्रल बँकेच्या शाखांमधले परस्पर हिशेब जुळवण्याचे होते. १९७४ साली तिला अमेरिकेतल्या बरोज कंपनीकडून परदेशी काम मिळाले तेही रूपांतराचेच: एका प्रकारच्या बरोज यंत्रासाठी कोबोलमध्ये लिहिलेली रुग्णालयाची हिशेबप्रणाली दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर न्यायची. जवळ बरोजचे यंत्र नव्हते, होते ते आयसीएलचे १९०३ या क्रमांकाचे यंत्र; त्यावर रूपांतराची साधने लिहून काम पार पाडले गेले. भारताच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा आरंभ अशा रीतीने जुन्याचे नव्यात रूपांतर करण्याने झाला. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले आणि टाटा-बरोज यांच्या संयुक्त कंपनीसह अनेकांनी तिथून निर्यातीचे काम केले. शतकाच्या अखेरीस वर्षाचे दोनच आकडे साठवणाऱ्या जुन्या प्रणाली दुरुस्त करण्याची जगभर घाई झाली, तेव्हा हे कसब असणारी माणसे उपनगरांत हजारोंनी होती.

वेसाव्याच्या दप्तरात सर्वांत अवघड राहिला तो सामाईक जागांचा प्रश्न. बोंबील सुकवण्याच्या वलांड्या, जाळी विणण्याची मोकळी जागा, होडी ओढून घेण्याचा किनारा यांवर हक्क गावाचा, वापर पिढ्यान्‌पिढ्यांचा. सातबाऱ्याचा आणि मिळकत पत्रिकेचा साचा धारकाचे नाव मागतो. अशा जागेला व्यक्ती धारक नसते, म्हणून वापर कागदाबाहेर राहतो. कायद्यात अशा वहिवाटींसाठी सोय नाही असे नाही. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे अभिलेख महसूल संहितेत आहेत आणि दुसऱ्यात मासेमारीच्या हक्काचाही उल्लेख येतो, पण ही परंपरा मुख्यतः विदर्भातली. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने मुंबईतले कोळीवाडे नकाशावर घ्यायला सांगितले, पण कोणते? १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासनाच्या संबंधित अभिलेखात ओळखलेले. म्हणजे नव्या संरक्षणाचा आधार पुन्हा जुना कागद. २०३४ पर्यंतचा विकास आराखडा तयार होताना कोळीवाडे आणि गावठाणे त्यात नीट दिसत नाहीत म्हणून रहिवाशांनी हरकती घेतल्या आणि सीमांकनाचा प्रश्न ऐरणीवर आला. ही तक्रार पूर्णपणे रास्त आहे. जे मुळात लिहिले गेले नाही ते कोणतीही प्रणाली पुढे नेऊ शकत नाही, आणि त्याची किंमत कागद न ठेवणाऱ्या कोळ्याने एकट्याने चुकवणे अन्यायाचे होईल.

जुन्या वह्यांची गरज त्यामुळे संपलेली नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. कागद किती लवकर नष्ट होऊ शकतो हे दोन्ही वेळा दिसले. जुने अभिलेख स्कॅन करण्याची ई-अभिलेख योजना राज्याने घेतली तेव्हा पहिल्या जिल्ह्यांत मुंबई उपनगर होता. जुने सातबारे, फेरफार नोंदवह्या, कमी-जास्त पत्रके यांची त्यात छायाचित्रे तयार झाली. छायाचित्र म्हणजे माहिती नव्हे. संगणक त्यात नाव शोधू शकत नाही, फक्त पान दाखवतो. त्यातली बरीच जुनी पाने मोडी लिपीत आहेत. मोडी वाचणारे लोक कमी होत गेले, म्हणून राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेते, आणि वारसाच्या किंवा हद्दीच्या वादात मोडी उताऱ्याचे बाळबोध लिप्यंतर जोडावे लागते. ई-फेरफाराच्या पडद्यावरच्या नोंदीला कोणी आव्हान दिले की तपासणी आधी हस्तलिखित सातबाऱ्याकडे, मग फेरफाराच्या वहीकडे आणि शेवटी या मोडी पानांकडे जाते.